फळ्यावरची पहिली ओळ

३ फेब्रुवारी, बुधवार

आज सकाळी चहाचा कप हातात असतानाच चिटणीस दारात हजर. संघटनेची चिटणीस म्हणजे माझ्या भाचीच्या वयाची पोर, पण चालते अशी की रस्ताच तिच्या नावावर आहे. ही जाडजूड वही तिनेच दिली. म्हणाली, "मावशी, आठवेल तसं रोज थोडं लिहून काढा. त्यातून आम्ही काय ते वेचून घेऊ."

संघटनेच्या कार्यालयात एक मोठा फळा लागणार आहे. वर मथळा 'मैलाचे दगड' आणि खाली सहा ओळी. दांडीचा संप, आठ तासांची पाळी, बाळंतपणाची रजा, पाळणाघर, बसायला बाकडी, निवृत्तीनंतरचं औषधपाणी. एकतीस वर्षांत लाँड्रीतल्या बायकांनी जे जे मिळवलं ते सगळं. दगड म्हटलं की मला आधी ठेच आठवते, असं मी म्हटलं तर पोरगी खळखळून हसली. एकविसाला कार्यक्रम आहे. फळ्यावरचा पडदा माझी जोडीण काढणार आणि त्याआधी मी बोलायचं.

मीच का, तर त्या दिवशी तिच्याबरोबर मशीनवर मी होते आणि चौकशीत साक्षही माझीच झाली. तर लिहिते.

आमचं काम इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायचं. गरम रोलरपुढे दोघी उभ्या राहायच्या, ओल्या चादरीची कड दोन्हीकडून ताणायची आणि आत सरकवायची. जी समोरच्या टोकाला ती आपली जोडीण. रोलरच्या तोंडाशी एक लोखंडी दांडी असे. बोट चुकून पुढे गेलं की दांडीला लागायचं आणि रोलर थांबायचा. आमच्या मशीनची दांडी दोन महिने तुटलेली होती, कंपनीने लक्ष दिलं नाही. माझ्या जोडिणीचा उजवा हात आत गेला. मी धावत जाऊन खांबावरचं लाल बटण दाबलं. हात मनगटापासून गेला. दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी बाहेर पडल्या त्या एकोणीस दिवस आत गेल्या नाहीत. बाविसाही मशीनना नव्या दांड्या बसल्या आणि त्यातून आमची संघटना उभी राहिली.

हे मी इतक्या वेळा सांगितलंय की तोंडपाठ आहे. लिहायला पाच मिनिटं लागली.

७ फेब्रुवारी, रविवार

जोडिणीने केस कापले.

मी नेहमीसारखी दहा वाजता गेले. एकतीस वर्षांत माझे रविवार चुकले ते बोटांवर मोजण्याइतके. एका हाताने वेणी घालता येत नाही, म्हणून इस्पितळातून घरी आली त्या आठवड्यापासून मी तिचे केस धुते, विंचरते, घट्ट वेणी घालते. काय केस होते बाईचे! आता पांढरे झाले तरी कमरेपर्यंत यायचे. आज बघते तर कानापर्यंत कापलेले. मला धक्काच बसला.

"हे काय करून बसलीस?"

"मान दुखते वजनाने. सुनेला म्हटलं, काप."

सून चहा ठेवून लगेच आत गेली. मला वाटतं हे तिचंच डोकं. रोज रोज सासूचे केस कोण सांभाळणार! पण सांभाळत तर मीच होते ना? मला विचारायचं तरी. मी पिशवीतून आणलेला कंगवा तसाच पिशवीत राहिला. हातांना काही काम नव्हतं म्हणून दोरीवरच्या वाळलेल्या चादरी काढल्या. दोघींनी घड्या घातल्या. ती एक टोक हातात धरते, दुसरं कोपराखाली दाबते, आणि अजूनही माझ्याआधी तिची कड सरळ होते.

"लिहिलंस का त्यांना हवं ते?" तिने विचारलं.

"लिहिलं की. काय ते सगळ्यांना माहीतच आहे."

"बरं," म्हणाली. माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती. केसांवरून मी चिडले हे तिला कळलं असणार.

९ फेब्रुवारी, मंगळवार

कार्यालयात जाऊन आले. पेंटरने फळ्याला हिरवा रंग देऊन पांढऱ्या रेघा मारल्यात. मोठा चोखंदळ माणूस. मी जवळ गेले तर म्हणाला, "बाई, पदर आवरा, रंग ओला आहे."

चिटणीस बाकड्यांच्या ओळीत 'व्यवस्थापनाच्या सहकार्याने' लिहिणार होती. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, "कसलं सहकार्य गं? सातव्या महिन्याची बाई उभ्या उभ्या खाली बसली, तेव्हा आम्ही घरून स्टुलं, डबे, जे असेल ते डोक्यावर घेऊन गेलो. दरवान अडवायला लागला तर त्याच्या खुर्चीवर एकीने बसून घेतलं." पोरगी पोट धरून हसली आणि ते शब्द खोडले. पाळणाघराचं सांगितलं, पहिल्या दिवशी अकरा पोरं एकदम रडायला लागली तो आवाज मशीनच्या वर ऐकू आला आणि आम्ही सगळ्या कशा हसलो. किती दिवसांनी मला इतकं बरं वाटत होतं.

मग ती म्हणाली, "मावशी, तुमच्या पिढीचं बघून लाज वाटते आमची. आता दांडीच्या जागी इलेक्ट्रिक डोळा आहे. बोट पुढे आलं की त्याला दिसतं, रोलर थांबतो. तर आमच्या मुली त्या डोळ्यावर काळी पट्टी चिकटवतात. तुम्ही ज्यासाठी लढलात तेच या मुली झाकून ठेवतात!"

"का चिकटवतात?" मी विचारलं. मला माहीत नसल्यासारखं.

"चादरीची जाड शिवण आली तरी डोळा थांबवतो ना. नग कसे भरणार? तासाला नव्वद चादरी व्हायलाच हव्यात, आता कंपनी एकशेदहा म्हणतेय. पुढच्या महिन्यात बोलणी आहेत."

घरी आले. जेवले नाही. गुडघे दुखताहेत असं शेजारणीला सांगितलं.

१० फेब्रुवारी, बुधवार

ही वही मी चिटणिसीला देणार नाही. तिला वेगळे कागद लिहून देईन. म्हणजे इथे खरं लिहायला हरकत नाही.

दांडी तुटलेली नव्हती. बांधलेली होती.

आमच्या वेळीही शिवण दांडीला लागायची आणि रोलर थांबायचा. पुन्हा सुरू करा, पुन्हा थांबा. तशाने तासाला साठ चादरीसुद्धा झाल्या नसत्या आणि नग भरले नाहीत तर दुसऱ्या दिवशी दारातून परत. म्हणून प्रत्येक जोडीकडे एक चिंधी होती, फाटक्या चादरीची. सकाळी आल्या आल्या दांडी वर उचलून चिंधीने बांधून टाकायची. सरकगाठ मारायची, एका हिसक्यात सुटेल अशी. तपासनीस येताना जी पहिल्यांदा बघेल ती ओरडायची, की सगळ्यांनी हिसका द्यायचा. दांड्या खाली, चिंध्या कमरेला. तपासनीस बाविसाही मशीनपुढून खूश होऊन जायचा.

आमच्या मशीनवर दांडी अडकवायचा आकडा माझ्या बाजूला होता, त्यामुळे चिंधी रोज मीच बांधायची. त्या दिवशीही मीच बांधली.

चौकशीत साहेबाने विचारलं, "दांडी कशी होती?" बांधली म्हटलं असतं तर दोघींचीही नोकरी गेली असती, तिला हाताचं काही मिळालं नसतं. आकडा गंजून निखळायला आलेला होताच. मी म्हटलं, "तुटलेली होती, साहेब." गंज बघून त्याला पटलं. मग बाहेर बायकांना कळलं, मग संप. खोटं एकदा बोलले आणि ते माझ्या हातातून सुटून एकदम फाटकाबाहेर घोषणा द्यायला लागलं.

तिच्या भल्यासाठीच बोलले होते. हे तरी खरं आहे.

१४ फेब्रुवारी, रविवार

जोडिणीकडे गेले नाही. सुनेला फोन करून गुडघ्यांचं सांगितलं. केसच नाहीत तर जाऊन करू काय?

सारखी गुणगुणी आठवते आहे. तिला आम्ही ते नाव ठेवलं होतं, कारण काम करताना सारखी काहीतरी गुणगुणायची. वय असेल एकोणीस. संपानंतर चार वर्षांनी तिची तीन बोटं गेली. संपात मिळालेल्या नव्या दांडीखाली.

नव्या दांड्या बसल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही नव्या चिंध्या बांधल्या होत्या. नग तेवढेच होते ना! संपात नग कमी करा ही मागणी कुणी केलीच नाही. कशी करणार? दांडी तुटलेली होती म्हणून हात गेला, असं आम्हीच सांगितलं होतं. मग कंपनीने दांडी दिली. नगांचा विषयच कुठे आला?

गुणगुणीच्या वेळी कंपनीने लिहिलं, 'कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा'. आमच्या समितीत विषय आला. एकजण म्हणाली, हे प्रकरण लढवलं तर जुनं उकरतील. लढवायचं नाही म्हणणाऱ्यांनी हात वर करा म्हणाली. मी केला. गुणगुणी फाटकातून गेली तेव्हा मी पाळणाघराच्या खिडकीतून बघत होते. ती वर बघेल म्हणून मी मागे सरले.

फळ्यावर तिची ओळ नाही.

१७ फेब्रुवारी, बुधवार

चिटणीस पहिली ओळ वाचून दाखवायला आली. 'मालकाच्या तुटक्या दांडीने एका भगिनीचा हात घेतला आणि आपल्या सर्वांचे हात एक झाले.' कशी झाली विचारलं. चांगली झाली म्हटलं. पेंटर उद्या रंगवणार.

ती गेल्यावर खिडकीपाशी बसून आहे. आता लिहून टाकते, नाहीतर कधीच लिहिणार नाही. आठ दिवस झाले, चिंधीचं लिहून मला वाटत होतं की सगळं सांगून झालं. नाही झालं.

जोडीण ओरडली. ती ओरडल्याबरोबर अख्ख्या रांगेत दांड्या पडल्याचे आवाज आले. टण, टण, टण, टोकापर्यंत. सगळ्यांना वाटलं तपासनीस आला. सगळ्यांनी हिसका दिला.

मीही दिला.

तिचा हात आत होता. ती माझ्यासमोर, एका चादरीच्या अंतरावर. लाल बटण माझ्या मागच्या खांबावर होतं, दोन पावलांवर. मी आधी गाठ सोडली. दांडी पडली, पण हात तिच्या पलीकडे गेला होता, रोलर फिरतच राहिला. चिंधी कमरेला खोचली. मग वळले. मग बटण दाबलं.

बाकीच्यांना ती दिसत नव्हती. मला दिसत होती.

किती वेळ गेला असेल? मी नंतर घरी कितीदा तरी करून बघितलंय. पलंगाच्या दांडीला चिंधी बांधायची, हिसका, खोचायची, वळायचं, दोन पावलं. एक-दोन-तीन म्हणून होतं. डॉक्टर म्हणाला होता, थोडं लवकर निघाला असता तर बोटं गेली असती, पंजा वाचला असता. तो सहज म्हणाला. मी दाराशी उभी होते.

सवय होती, असं मी स्वतःला सांगते. एकतीस वर्षं सांगतेय.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

आज गुरुवार असून जोडिणीकडे गेले. सून बाजारात गेली होती. जोडीण खिडकीशी बसून कपाटातले कपडे लावत होती. मी बसलेसुद्धा नाही. उभ्यानेच म्हटलं, "मला काहीतरी सांगायचंय."

"सांग."

"दांडी बांधलेली होती हे तुला माहीतच आहे."

"आपण दोघींनी बांधलेली. तुझी गाठ आणि माझी संमती. त्याचं मला काही नाही. पुढे?"

  मग मी सांगितलं. गाठ, कमरेला खोचणं, वळणं, बटण. त्याच क्रमाने सांगितलं, एकही गोष्ट पुढेमागे केली नाही. ती हातातला कपडा मांडीवर ठेवून ऐकत होती.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मी बघत होते ना. मी दुसरं कुठे बघणार होते?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"मी बोलू?" इतक्या वर्षांत तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "हात माझा गेला आणि बोलायचंही मीच? दर रविवारी तू यायचीस. मी तुझ्याकडे पाठ करून बसायचे. मनात म्हणायचे, तोंडाकडे बघून सांगायला जड जात असेल बिचारीला, पाठीला तरी सांगेल. तू केस विंचरायचीस, भाजीचे भाव सांगायचीस, वेणी घालायचीस आणि जायचीस. एकतीस वर्षं पाठ करून बसले बाई. कंटाळा आला, म्हणून कापले."

मी जमिनीवर बसले. म्हटलं, "सवयीने झालं गं. सगळ्यांनीच हिसका दिला."

"सवयच होती, हेही माहीत आहे मला. आपल्याला तीच तर लावली होती. आधी लपव, मग माणूस बघ." ती पुन्हा कपड्यांच्या घड्या घालायला लागली. एका हाताने, माझी मदत न मागता. "आणि ते मला सांगून काय उपयोग? पट्ट्या चिकटवणाऱ्या पोरी आहेत ना तिकडे. त्यांना सांग."

"फळा रंगवून झाला असेल एव्हाना."

"असू दे. रंगच आहे."

मी माफ कर म्हटलं. तिने पुढचा कपडा घडीला घेतला.

२१ फेब्रुवारी, रविवार

हॉल भरलेला होता. दीडशे तरी बायका, पुढच्या बाकांवर आम्ही म्हाताऱ्या. फळ्यावर एक पांढरी चादर टाकली होती, आमच्याच लाँड्रीची, कडक इस्त्रीची.

मी लिहून नेलं होतं, पण चष्मा लावलाच नाही, कागद पर्समध्ये ठेवून दिला. म्हटलं, "दांडी तुटलेली नव्हती. मी बांधली होती. साक्ष खोटी दिली."  मग का बांधली ते सांगितलं. चिंध्या, आरोळी, हिसका. तरण्या पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग गाठ आणि बटण सांगितलं. ते सांगताना मी जोडिणीकडे बघितलं. ती सरळ माझ्याकडेच बघत होती. मग गुणगुणीचं सांगितलं, आणि मी हात वर केला होता हेही.

पुढच्या बाकावरची एक म्हातारी उठली. त्या समितीत हात वर करायला सांगणारी तीच. "मेलेलं उकरून काय मिळालं तुला?" म्हणाली आणि काठी टेकत निघून गेली. तिच्यामागे आणखी तिघी गेल्या. चिटणिसीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं आता मला खाली बसायला सांगतील.

मागून एक पोरगी उभी राहिली. लाँड्रीच्या गणवेशात, पाळी संपवून थेट आलेली. "मावशी, मग नगांचं काय?" तिने विचारलं.

"काय म्हणजे?"

"म्हणजे तेव्हाही दांडी बांधली ती नगांसाठी. आताही पट्टी लावतो ती नगांसाठी. मग नग कमी करा असं कुणी कधीच का नाही म्हटलं?"

"माझ्यामुळे," मी म्हटलं.

जोडीण उठून फळ्याशी गेली आणि डाव्या हाताने चादर ओढली. पहिली ओळ पेंटरने फार सुरेख रंगवली होती. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. ती ओळ सगळ्यांनी वाचली आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

२२ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी चिटणिसीचा फोन आला.  म्हणाली, "मी रात्रभर चिडले होते तुमच्यावर. अजूनही चिडलेय." मी हूं म्हटलं.

"सकाळच्या पाळीला मुलींनी पट्ट्या काढल्या. सगळ्या मशीनवरच्या. काढून सुपरवायझरच्या टेबलावर ठेवल्या आणि नियमाप्रमाणे काम करतोय म्हणाल्या. शिवण आली की थांबायचं. तासाला अठ्ठावन्न चादरी होताहेत, मावशी. इस्पितळातून फोनवर फोन येताहेत." मग म्हणाली, "बोलणी परवावर आणलीत त्यांनी. वकील म्हणतो, तुमचं बोलणं कंपनी आपल्याविरुद्ध वापरेल. लेखी जबाब द्याल का? सगळं, कारणासकट?"

देईन म्हटलं. फळ्याचं काय, विचारलं. ती म्हणाली समिती ठरवेल, तोवर ती ओळ तशीच राहणार. येता-जाता बघायला लागेल.

२४ फेब्रुवारी, बुधवार

जबाब दिला. सात पानं झाली, प्रत्येक पानावर सही केली. बोलणी फिसकटली, शुक्रवारी पुन्हा बसणार आहेत. गुणगुणीचा पत्ता कुणाकडे नाही. तिची एक चुलत बहीण सापडली, तिने फोन ठेवून दिला. उद्या पुन्हा लावणार आहे.

२८ फेब्रुवारी, रविवार

जाऊ की नको असं दहा वेळा झालं. शेवटी दहाच्या ठोक्याला गेलेच. कंगवा पिशवीत होता, सवयीने.

सुनेने दार उघडलं आणि जोडिणीला हाक मारली. जोडीण बाहेर आली, माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. कोपऱ्यातलं स्टूल तिने पायाने सरकवलं, ज्यावर ती इतकी वर्षं बसायची ते. मला वाटलं मला बसायला देते आहे. पण ती स्वतःच बसली. या वेळी माझ्याकडे तोंड करून.

"विंचर," म्हणाली.

"एवढ्याशा केसांना काय विंचरायचं?"

"विंचर तर."

मी कंगवा काढला. दोन मिनिटांचं काम, पण मला जमेना. ती एकटक माझ्या तोंडाकडे बघत होती. डोळे मिटून घे म्हटलं तर नाही म्हणाली. शुक्रवारच्या बोलण्यांचं विचारलं तिने, कंपनी नव्वदाचे पंच्याहत्तर करायला तयार आहे म्हणतात, अजून सही नाही, तेवढं मी सांगितलं.  भांग वाकडा निघाला. तिने आरशात न बघताच सांगितलं, "वाकडा आहे. पुन्हा काढ."

मी पुन्हा काढला.